सोनं शोधताना वाघ्याची सोबत

वाचकाचं पत्र, थोडक्यात (नावं आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत)

पत्रलेखिका बावन्न वर्षांच्या, ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यातल्या बेंडिगोजवळ राहणाऱ्या. हॉस्पिटलात नर्स आहेत, शिफ्टची नोकरी. तीन वर्षांपूर्वी त्यांनी मेटल डिटेक्टर घेतला आणि सुट्टीच्या दिवशी रानात जाऊन सोनं शोधायचा नाद लागला. आजवर हाती आलेलं सोनं सगळं मिळून पाच-सहा ग्रॅम असेल, पण ‘वॉर्डातला आवाज डोक्यातून जातो’, म्हणून त्या जातात, आणि एकट्याच जातात. यजमानांना ते पटत नाही. त्यांची अट अशी: जायचं तर वाघ्याला, म्हणजे त्यांच्या सात वर्षांच्या लॅब्राडॉरला, सोबत न्यायचं. नाहीतर जायचं नाही. पण वाघ्या बरोबर असला की लक्ष सोन्यात लागत नाही आणि धड वाघ्यातही नाही. गेल्या ऑक्टोबरात त्याच्या कानात गवताचं कुसळ शिरलं, भूल देऊन काढावं लागलं. आता ऑगस्ट, म्हणजे तिकडचा हिवाळा, संपतोय, सापांचे दिवस येतायत. वाघ्याला घरी ठेवावं तर यजमान रागावतात आणि तोही दाराशी तोंड पाडून बसतो. सासवडहून सासूबाई फोनवर म्हणाल्या, ‘खंडोबाच्या बरोबर कुत्रं असतंच. त्याला मागं ठेवू नकोस.’ काय करावं?

उत्तर

ताई,

यजमानांना एकदा शांतपणे विचारा: तिकडे रानात मी पडले, पाय मोडला, तर वाघ्या नेमकं काय करील?

हा प्रश्न त्यांना अडवण्यासाठी नाही. त्यांची काळजी खरी आहे, ती मला पत्रातूनही दिसली. पण आपल्याकडे बाईमाणूस घराबाहेर निघालं की आतून आवाज येतो, ‘कुणाला तरी सोबतीला ने गं.’ मग शेजारचं आठ वर्षांचं पोरगंही सोबत म्हणून चालतं. वेळ आलीच तर ते पोर काय करणार, हे कुणी विचारत नाही. सोबत दिली की घरच्यांचा जीव खाली पडतो. तुमच्या घरात त्या पोराच्या जागी आता वाघ्या उभा आहे.

तो काय करील ते मी सांगते. तुमच्या अंगाला अंग लावून बसेल, तुमचं तोंड चाटेल. बॅलरॅटला युरेकाच्या मैदानात एका कुत्र्याचं शिल्प आहे, जमलं तर यजमानांना घेऊन बघून या. ३ डिसेंबर १८५४ च्या पहाटे सैनिकांनी बंड केलेल्या खाणकामगारांच्या लाकडी तटबंदीवर हल्ला केला. त्यात मारल्या गेलेल्या एका भालाईताचा छोटा टेरियर मालकाचं प्रेत सोडून हलेना, गाडीतून प्रेतं नेली तेव्हाही तो तिथेच होता. त्या इमानाला तोड नाही. पण त्या कुत्र्याला मालकाला वाचवता आलं नव्हतं. वाघ्यालाही फोन करता येणार नाही.

म्हणून तुमच्या सुरक्षिततेचा प्रश्न आणि वाघ्याचा प्रश्न मी आधी वेगळे करते. तुमच्या सुरक्षिततेसाठी लागतो तो पर्सनल लोकेटर बीकन. मुठीत मावणारं यंत्र आहे. मोबाईलला रेंज नसलेल्या दरीतूनही त्याचा संदेश उपग्रहामार्फत बचाव केंद्रापर्यंत जातो, आणि त्याची सरकारी नोंदणी फुकट होते. ते कमरेला लावा, बॅगेत ठेवू नका, कारण बॅग झाडाखाली राहते आणि आपण वाहवत जातो. घरातून निघताना कुठल्या रस्त्यानं शिरणार, गाडी कुठे लावणार आणि किती वाजेपर्यंत फोन येईल, हे कागदावर लिहून फ्रिजवर लावा. ठरलेल्या वेळेनंतर तासाभरात फोन आला नाही तर यजमानांनी ००० हा आपत्कालीन नंबर फिरवायचा, ‘जरा वाट बघू’ म्हणायचं नाही. एवढं केलंत तर त्यांच्या काळजीला खरं उत्तर मिळेल. वाघ्यानं ते मिळत नव्हतं.

आता वाघ्याचं बोलू.

डिटेक्टर चालवताना आपण काय करतो ते आठवा. कानात हेडफोन, नजर कॉइलवर, म्हणजे यंत्राच्या टोकाच्या चकतीवर, पाऊल वीतभर पुढे. तुमच्या भागात १८६९ च्या ५ फेब्रुवारीला मोलियागुलला ‘वेलकम स्ट्रेंजर’ हा सत्तर किलोंच्या वरचा सोन्याचा गोळा सापडला, तो जमिनीखाली जेमतेम बोटभर होता. १९८० मध्ये किंगोवरला डिटेक्टरनंच सत्तावीस किलोंचा ‘हँड ऑफ फेथ’ निघाला. या गोष्टी तिथल्या प्रत्येकाला पाठ आहेत. त्यामुळे कानात बारीकशी लकेर उठली तरी माणूस जगाला विसरतो, मीही विसरते. पण रानात मोकळ्या कुत्र्याला नेमके हेच दोन पहारेकरी लागतात, आपले डोळे आणि आपले कान. ते दोन्ही आपण यंत्राला देऊन बसलेलो असतो. तुम्ही लिहिलंय, लक्ष धड सोन्यातही लागत नाही आणि वाघ्यातही नाही. तो तुमचा कमीपणा नाही, ताई. एका माणसाकडे लक्ष असतं तेवढंच असतं.

माझ्या राणीची गोष्ट सांगते. ती केल्पीची (तिकडची मेंढपाळ कुत्र्यांची जात), पण मिश्र. माल्डनच्या पलीकडच्या आयर्नबार्कच्या रानात आम्ही होतो. काळ्या, खोल भेगांच्या सालीची ती झाडं, खाली पांढऱ्या गारगोटीचे खडे आणि वाळकी पानं. कानात एक मऊ, स्वच्छ सूर आला. पायानं वरची माती सारली, सूर तसाच. मग कुदळ. गुडघ्यावर बसून वीस मिनिटं खणलं, मूठमूठ माती कॉइलवरून फिरवली, आणि निघाला शिशाचा छर्रा. मान वर केली तर राणी नाही. हेडफोन काढले, तर नुसता वारा. पंचवीस-तीस पावलांवर मातीचा एक जुना, फिकट ढीग होता, त्याच्यामागे ती पोटावर पसरलेली दिसली. पुढचे पाय एका खड्ड्याच्या काठावर, मान खाली घातलेली. एक वाळकी फांदी आणि पानांचा थर एवढंच वर होतं, आणि त्याखाली खाणीची विहीर, आतलं काही दिसत नव्हतं. मी हाक मारली नाही. ती उसळून उठली असती तर कड ढासळली असती. आहे तिथेच खाली बसले आणि खिशातल्या बिस्किटाच्या पुड्याचा कागद चुरचुरवला. ती मागे सरकत सरकत उठली आणि आली. त्या दिवशी डिटेक्टर गाडीत टाकला आणि घरी आले.

या विहिरींना तिकडे शाफ्ट म्हणतात. १८५१ पासून पुढे पन्नास-साठ वर्षं लोकांनी खणलेल्या अशा विहिरी हजारोंनी आहेत. कित्येकींना कुंपण नाही, कित्येक नकाशावर नाहीत. खूण एकच: मातीचा अर्धगोल, उंचवटेदार ढीग दिसला की त्याच्या पोटाशी विहीर असणार असं धरून चालायचं. आणि वाघ्या कधी आत पडलाच, तर त्याच्यामागे उतरू नका, दोर असला तरी नाही. आतली हवा विषारी किंवा प्राणवायूविना असू शकते, कडा पोकळ असतात. कडेपासून लांब राहून मदत बोलवा. तुमचा हात त्या क्षणी थांबणार नाही हे मला कळतं, म्हणून हे आजच लिहून ठेवते.

दुसरं भय मला शाफ्टपेक्षाही जास्त वाटतं, कारण ते डोळ्यांना दिसत नाही. कोल्हे मारण्यासाठी तिथल्या रानांत आणि शेतांच्या कडेला ‘टेन-एटी’ या विषाचं आमिष पुरतात. काही सेंटिमीटर खोल, मोकळ्या केलेल्या मातीत, मांसाच्या वासाचं. लॅब्राडॉरला आणखी काय हवं? त्यातून वाघ्या दिवसभर तुम्हाला माती उकरताना बघतो, म्हणजे उकरणं हे चांगलं काम आहे असंच तो शिकलेला असणार. कुत्र्याचं शरीर या विषापुढे अगदी दुबळं असतं आणि त्यावर उतारा नाही. अर्ध्या तासापासून काही तासांत कुत्रं सैरभैर धावतं, ओरडतं, उलट्या करतं, झटके येतात. विषानं मेलेला कोल्हा चघळला तरी तेच. आमिष टाकलेल्या भागाच्या वाटेवर इशाऱ्याच्या पाट्या असतात. गाडीतून उतरल्यावर पहिली नजर पाटीवर, डिटेक्टर नंतर. पाटी दिसली तर त्या दिवशी दुसरं रान. पाटी नसली तरी जाळीची मुस्की घालायची सवय लावा. धापा टाकता येतील आणि पाणी पिता येईल अशी ती मोठी हवी. खाल्ल्याची नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट न बघता व्हेटला, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरला, फोन करा आणि ते सांगतील तसं करत निघा.

पाण्याचंही असंच आहे. जुन्या गिरण्यांनी दगड दळून टाकलेली करडी-पिवळी वाळू तुमच्याकडे जागोजाग आहे. तिच्यात आर्सेनिक असतं, काही ठिकाणी पाराही. त्या वाळूतल्या डबक्यातलं पाणी कुत्र्यानं पिऊ नये, त्यात लोळू नये, आणि घरी आल्यावर पंजे धुवावेत. घरून पाणी न्या. अठ्ठावीस-तीस किलोच्या कुत्र्याला नुसतं घरी बसूनही दिवसाला दीड-दोन लिटर लागतं, रानात चार-पाच लिटर धरा.

आता साप. ‘वाघ्या बरोबर असला की साप लांब राहतात’ हे यजमानांचं वाक्य तुम्ही पत्रात लिहिलंय. माझा अनुभव उलटा आहे. माणूस पाय आपटत चालतो तेव्हा साप निघून जातो, पण कुत्रा नाक पुढे करून त्याच्याकडे जातो. ईस्टर्न ब्राऊन हा तिकडचा विषारी साप चावला की पुष्कळदा असं होतं: कुत्रा एकदम कोसळतो आणि काही मिनिटांत उठून जणू काही झालंच नाही असा चालू लागतो. मालकाला हायसं वाटतं, ‘चक्कर आली असेल’ म्हणून तो पुन्हा यंत्र हातात घेतो. ते कोसळणं हीच दंशाची मोठी खूण असते. नंतर मागचे पाय लुळे पडतात, बाहुल्या विस्फारतात, लघवीतून रक्त जातं, आणि तोवर उशीर झालेला असतो. अशा वेळी त्याला चालवू नका, उचलून गाडीत ठेवा आणि निघा. आवळून बांधू नका, साप मारायच्या भानगडीत पडू नका. कुठल्या व्हेटकडे प्रतिविष असतं आणि रविवारी कोण उघडं असतं हे निघायच्या आधी विचारून ठेवा, कारण किंगोवरच्या बाजूनं बेंडिगोला पोचायला पाऊण-एक तास जातो. खर्च हजारो डॉलरचा असतो. विमा असेल तर आज कागद काढून वाचा.

हे सगळं एकत्र मांडलं की एक गोष्ट आपोआप दिसते. साप, कुसळं, ऊन, तिन्ही संकटं साधारण ऑक्टोबर ते मार्च या काळात एकवटलेली आहेत. मे ते ऑगस्टमध्ये जमीन ओली असते, गवत कोवळं असतं, साप बहुतेक बिळात असतात (उबदार दुपारी एखादा बाहेर येतोही, तेवढं भान ठेवा). त्यामुळे माझं मत असं: वाघ्याचा हंगाम हिवाळा. वॅटलच्या झाडांची पिवळी फुलं झडायला लागली की त्याची रानातली फेरी बंद. सप्टेंबर आणि एप्रिल त्या दिवसाचं हवामान बघून ठरवा.

हिवाळ्यात नेताना मात्र मोकळं सोडू नका, तो कितीही आज्ञाधारक असो. कांगारू उठला की सात वर्षांची आज्ञा एका उडीत संपते. मोठा कांगारू पाठलाग करणाऱ्या कुत्र्याला पाण्यात ओढून बुडवतो, आणि कुत्रा कुंपण ओलांडून मेंढ्यांत शिरला तर शेतकऱ्याला त्याला ठार मारायचा कायद्यानंच अधिकार आहे. अंगाला हार्नेस, त्याला आठ-दहा मीटरचा दोर, दोर सावलीतल्या झाडाला, आणि तुम्ही त्याच झाडाभोवती काम करायचं. बांधण्याआधी दोर पोचेल तेवढं वर्तुळ स्वतः चालून बघा: शाफ्ट नाही ना, मोठ्या बुल मुंग्यांचं वारूळ नाही ना. एक झाड संपलं की दोघांनी मिळून पुढचं झाड. तुम्हाला वाटेल अशानं किती कमी जमीन होईल. होईल कमी, पण नीट होईल. त्या भागावरून लोक इतक्या वेळा फिरलेत की उरलेलं सोनं हळू चालणाऱ्यालाच सापडतं.

हेडफोन एका कानावरून सरकवून ठेवा, किंवा यंत्राचा स्पीकर लावा. त्याच्या गळ्यातला धातूचा बिल्ला कॉइलजवळ आला की यंत्र ओरडतं, म्हणून बरेच जण तो काढून ठेवतात. तसं करू नका, कौन्सिलचा, म्हणजे तिथल्या नगरपालिकेचा, नोंदणीचा बिल्ला घराबाहेर अंगावर असायलाच हवा. प्लॅस्टिकचा मिळत असेल तर घ्या, नाहीतर त्यालाच कॉइलपासून लांब ठेवा. आणि खणलेला प्रत्येक खड्डा बुजवा. तो नियम आहेच, शिवाय पुढच्या कुत्र्याचा पाय त्यात मोडू नये.

परवान्याचा घोळ बऱ्याच वाचकांचा होतो. तुमचा दहा वर्षांचा ‘मायनर्स राइट’ तुम्हाला सोनं शोधायची मुभा देतो, कुत्र्याला कुठेही न्यायची नाही. राज्य वनांत कुत्रा साधारणपणे चालतो, राष्ट्रीय उद्यानांत बहुधा नाही. काही उद्यानांच्या ठराविक भागांत तर डिटेक्टर चालतो पण कुत्रा चालत नाही. प्रत्येक जागेसाठी दोन्ही वेगवेगळं तपासा.

घरी परतलात की दिवे लागायच्या आत दहा मिनिटं त्याच्यासाठी: कान आतून, बोटांच्या मधली कातडी, काखा, डोळ्यांचे कोपरे. कुसळ आत जातं आणि पुढेच सरकत राहतं, मागे येत नाही. हे तुम्ही एकदा भोगलंय.

आता तो दाराशी बसलेला चेहरा. तो बघून मन द्रवतं, माझंही द्रवतं. पण सात वर्षांचा लॅब्राडॉर दिवसाचा बराच वेळ झोपून काढतो, आणि त्याला सोन्याच्या रानाची ओढ नाही, तुमच्याबरोबर नाक खुपसत फिरायची ओढ आहे. निघण्याआधी त्याला चाळीस मिनिटं फिरवा. भराभर नाही, त्याला हवं तिथे थांबू द्या, हवं तेवढं हुंगू द्या. मग खायला द्या आणि निघा. बहुतेक तुमची गाडी वळेपर्यंत तो आडवा झालेला असेल. खात्री हवी असेल तर एखादा जुना मोबाईल कॅमेरा म्हणून लावून बघा.

कुत्र्याला सोन्याचा वास येतो का, असंही तुम्ही विचारलंय. शुद्ध सोन्याला वास नसतो म्हटलं तरी चालेल. फिनलंडमध्ये १९६० च्या दशकात भूगर्भतज्ज्ञांनी गंधकयुक्त खनिजांचे दगड हुंगून काढायला कुत्रे तयार केले होते आणि ते ते काम उत्तम करत. पण त्यासाठी त्यांना रीतसर शिकवलेलं होतं. वाघ्याला शिकवायचंच तर ‘इकडे ये’ आणि ‘सोड’ हे दोन शब्द शिकवा, तुमच्या रानात त्यांचाच उपयोग होईल.

शेवटी यजमान. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा एक रविवार मागून घ्या. त्यांनी यावं, डिटेक्टरसाठी नाही, वाघ्याचा दोर धरायला. तुम्ही हेडफोन लावा, ते दोघं तुमच्यापासून वीस पावलांवर फिरू देत. मधे एकदा अदलाबदल करा: दोर तुमच्याकडे, डिटेक्टर त्यांच्याकडे. दहा मिनिटं यंत्राच्या सुरात गेलेल्या माणसाला कुत्रा कुठे होता हे सांगता येत नाही, हे त्यांना तिथेच उमगेल. कदाचित ते पुन्हा पुन्हा येतील. मग वाघ्या उन्हाळ्यातही सकाळच्या वेळी मोठ्या, स्वच्छ वाटेवरून यायला हरकत नाही, कारण त्याच्यावर एक माणूस पूर्ण लक्ष ठेवून असेल. आणि ते नाही आले, तरी माणसाची सोबत मिळवता येते. प्रॉस्पेक्टर्स अँड मायनर्स असोसिएशन ऑफ व्हिक्टोरियाकडे चौकशी करा. आपल्या सवडीनं येणारी एखादी बाई ओळखीची झाली, तर हाकेच्या अंतरावर राहून दोघींनी आपापलं शोधावं. तुम्हाला हवी ती शांतता त्यानं मोडत नाही.

सासूबाईंना सांगा, वाघ्या मागे राहत नाही, मे ते ऑगस्ट तो बरोबर असतो. चंपाषष्ठी येते तेव्हा तिकडे उन्हाळ्याची सुरुवात आणि सापांचे दिवस, म्हणून त्या सुमारास तो घरी. त्या दिवशी त्याचा मान त्याला जरूर द्या. पण रोडगाच द्या, कांद्याची पात घातलेलं भरीत नको. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्ताला विष आहे, हे त्यांनाही फोनवर सांगून ठेवा.